तिसरं बटण

३ नोव्हेंबर, सोमवार

पोचले. भुसावळला गाडी बदलताना पिशवीचा बंद तुटला, तेवढं सोडलं तर प्रवास झकास झाला. अकोल्यात दोन वर्षं घरी बसून परक्यांच्या वेबसाइट दुरुस्त केल्या. आता ऑफिस, स्वतःचं टेबल, बोलायला माणसं. आईला फोनवर म्हटलं, बुऱ्हाणपूर नावालाच मध्य प्रदेशात आहे. रिक्षावाल्याने अर्धा रस्ता मराठीत समजावला, अर्धा हिंदीत, आणि दोन्ही भाषांत चुकला.

खोली बुधवाऱ्यात, आशाबाईंच्या घरी, वरच्या मजल्यावर. सामान टेकवायच्या आत त्यांनी बशीत दराबा, इथली रवा-तुपाची मिठाई, आणून दिला आणि लग्न झालं का विचारलं. नाही म्हटल्यावर आणखी एक चमचा वाढला. मागच्या गल्लीत पॉवरलूम आहेत, दिवसभर खटखट चालते. त्या म्हणाल्या, आठ दिवसांत कान सरावतात, मग बंद पडले की दचकायला होतं.

ऑफिस इथून चालत सात मिनिटं, कापडाच्या दुकानावर दोन खोल्या. ‘सोबत सेवा मंडळ’. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या माणसांकडे नर्स पाठवतात, शहरात आणि आसपासच्या गावांत. काम मनापासून आवडलं. श्रीकांत सर व्यवस्थापक आहेत, गोड बोलतात. वंदनाताई नोंदी भरतात. आणि प्रतिभा नावाची नर्स आहे, सत्तावीस वर्षांची, स्कूटीवरून इच्छापूरपर्यंतची गावं एकटी करते. आल्या आल्या तिने माझा रक्तदाब मोजला आणि म्हणाली, “ताई, चिडका स्वभाव दिसतो तुमचा, मशीन सांगू राहिलं.” पहिल्या दिवशीच ओळखलं बयेने.

४ नोव्हेंबर, मंगळवार

मंडळाचा सगळा कारभार एका फॉर्मवर चालतो, आणि तो फॉर्म आता माझ्या ताब्यात आहे. आधीचा मुलगा योगेंद्र इंदूरला नोकरी लागली म्हणून गेला. जाताना एक ओळ लिहून ठेवली नाही.

फॉर्म साधा. रुग्णाचं नाव, आईचं नाव, गाव, वय, व्यवसाय, रक्तगट, आजार, औषधं. खाली तीन बटणं. ‘जतन करा’ म्हणजे अर्धवट भरलेला फॉर्म तसाच ठेवायचा. ‘सादर करा’ म्हणजे पूर्ण फॉर्म डॉक्टरांकडे जातो. आणि ‘प्रकरण बंद’. माणूस बरा झाला, गाव सोडून गेला किंवा वारला की हे दाबायचं. दाबलं की नर्सच्या फेरीच्या यादीतून नाव उडतं.

आता, बटण दाबलं की आधी एक छोटं जावास्क्रिप्टचं फंक्शन चालायला हवं. ते एकेक रकाना बघतं. सगळं ठीक असेल तर ट्रू म्हणतं आणि फॉर्म पुढे जातो. काही राहिलं असेल तर फॉल्स म्हणतं, आणि फॉर्म जागचा हलत नाही. एवढीच तपासणी, पण तिच्यावर सगळं उभं असतं. योगेंद्र महाराजांनी ते फंक्शन फक्त ‘सादर करा’ला बांधलंय. ‘जतन करा’ला नसलं तरी चालेल, तिथे अर्धवटच ठेवायचं असतं. पण ‘प्रकरण बंद’? तिथे काहीच विचारलेलं नाही. कारण नाही, तारीख नाही, कोणी बंद केलं ते नाही. बोट टेकलं की माणूस यादीतून गेला.

गेल्या चार महिन्यांत सदतीस प्रकरणं अशी बंद झालीत. सदतीस माणसं घरात पडून असतील, नर्सची वाट बघत असतील, आणि इथे कुणाचा तरी माउस घसरला म्हणून कुणी फिरकलं नसेल.

माझं डोकं तापलंय. आशाबाईंनी जेवायला हाक मारली, त्यांच्यावरच खेकसले. मग जाऊन माफी मागितली.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

सरांशी भांडण झालं. ते म्हणाले, “रंजिता, फॉर्म चालतोय ना? मग?” बंद प्रकरणं अहवालात ‘निकाली’ म्हणून जातात, आकडा चांगला दिसतो, कशाला उकरायचं. मी म्हटलं, ती माणसं आहेत, निकाली काढायचे तक्रारअर्ज नाहीत. आवाज एवढा चढला की खालून कापडवाला वर बघायला आला.

शेवटी वंदनाताई आणि मी यादी वाटून घेतली आणि फोन लावायला बसलो. पहिल्या घरी सांगितलं, आजोबा गेले. दुसऱ्या घरी, आई गेली. तिसऱ्या घरी सुनेने फोन घेतला आणि रडायलाच लागली. दुपारपर्यंत सगळे फोन झाले. तीन लागले नाहीत, त्या घरांचं प्रतिभाला ठाऊक होतं. सदतीसच्या सदतीस वारलेत.

सर म्हणाले, बघ, नोंद बरोबरच होती. तोंडघशी पडण्याइतकं मला दुसरं काही झोंबत नाही.

पण मग नोंद केली कोणी? वंदनाताई देवाची शपथ घेऊन सांगतात की ते बटण त्यांनी कधी दाबलेलं नाही, माणूस गेल्याचं कळून त्या उघडून बघायच्या तर प्रकरण आधीच बंद असायचं. त्यांना वाटायचं सर करतात. सरांना वाटायचं त्या करतात.

खाली उतरताना जिन्यात प्रतिभा हळूच म्हणाली, त्यातल्या एका आजींची नखं तिने मंगळवारी, यादी न बघता सवयीने जाऊन, कापली होती. फाइल बंद झाल्याची तारीख सोमवारची आहे. तिला वाटलं, कॉम्प्युटरचं घड्याळ चुकत असेल.

१० नोव्हेंबर, सोमवार

घड्याळ बरोबर आहे. सेकंदापर्यंत बरोबर.

शनिवार-रविवार बसून एकवीस घरांकडून मृत्यूची तारीख विचारून घेतली. एकवीसच्या एकवीस वेळा प्रकरण आधी बंद झालंय, माणूस नंतर गेलाय. एक दिवस आधी, कधी दोन दिवस. मागाहून एकदाही नाही.

काय झालंय ते मला कळलं. कोणीतरी ठरवतंय. औषधांची यादी बघायची, हा आता टिकत नाही असा हिशेब करायचा आणि नाव उडवायचं, उगाच नर्सची फेरी नको. मरायला टेकलेल्या माणसाचा पाण्याचा घोट काढून घ्यायचा! कोण ते ठाऊक नाही, पण सापडला तर त्याला बुधवाऱ्याच्या चौकात उभा करून सांगणार आहे काय ते.

आज फंक्शन नव्याने लिहिलं. आधी कुठलं बटण दाबलं ते बघायचं. ‘जतन करा’ असेल तर जाऊ द्यायचं. ‘सादर करा’ असेल तर सगळे रकाने. आणि ‘प्रकरण बंद’ असेल तर कारण सक्तीचं, निदान दहा अक्षरं. नुसतं टिंब देऊन सुटायचं नाही. लिही बाबा, स्वतःच्या हाताने लिही, का बंद करतोयस.

१२ नोव्हेंबर, बुधवार

सकाळी अकरा दहाला एक प्रकरण बंद झालं. मोतीलाल, वय ऐंशी, पूर्वी लूमवर होते, दोन गल्ल्या सोडून राहतात. कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं: “श्वास पुरणार नाही उद्या.”

वंदनाताई माझ्यासमोर बसून वाटाणे सोलत होत्या. सर खांडव्याला. प्रतिभाला फोन लावला तर ती मोतीलालकाकांच्याच घरी चहा पीत होती. म्हणाली, मस्त आहेत, मला नवऱ्यामुलाची स्थळं सांगू राहिलेत.

मी त्यांचं प्रकरण पुन्हा उघडलं आणि पासवर्ड बदलला.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

मोतीलालकाका सकाळी आठला गेले. धाप लागली आणि गेले. प्रतिभा पोचेपर्यंत संपलं होतं.

प्रकरण अजून उघडंच दिसतंय, आणि पासवर्ड फक्त मला ठाऊक आहे.

१७ नोव्हेंबर, सोमवार

शुक्रवारी फॉर्मची नोंदवही, म्हणजे लॉग, उघडली. फॉर्म पुढे जाण्याचा प्रत्येक प्रयत्न तिच्यात उमटतो, अडवलेलासुद्धा. मोतीलालकाकांच्या प्रकरणाला चार प्रयत्न झालेत. पहिला, कारण रिकामं. अडवला. दुसरा, “जाणार”. अडवला, अक्षरं कमी. तिसरा, “श्वास”. अडवला. चौथा पूर्ण वाक्य.

हे मला दोन दिवस पोखरतंय. माझी तपासणी ब्राउझरमध्ये चालते. आत घुसायचंच असेल तर कुणीही जावास्क्रिप्ट बंद करून एका मिनिटात घुसेल, कॉलेजातलं पोरही घुसेल. चोर नियम पाळत नाही. हा पाळतो. दारात उभा राहतो, मी काय मागते ते बघतो, आणि तेवढंच भरून देतो.

म्हणून आज आणखी मागितलं. तारीख सक्तीची. कर्मचाऱ्याचं नाव सक्तीचं.

दुपारी दोन वाजता आलं. मालूबाई, इथल्याच लालबागच्या. तारीख: १९ नोव्हेंबर. कारण: “देवाला फूल वाहताना डाव्या कुशीवर.” कर्मचारी: नुसती एक आडवी रेघ. रेघ हेही एक अक्षर, मी लांबी तपासायची विसरले. स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली.

मग उगाच वंदनाताईंवर ओरडले. तुम्ही नाही तर कोण, असं विचारलं. त्या पदर तोंडाला लावून रडल्या. चौदा वर्षं कामाला आहेत, असं कुणी बोललं नव्हतं. सर आले आणि म्हणाले, नवीन माणसाने एवढा दिमाग चालवू नये. मी म्हटलं, जुन्यांनी थोडा चालवला असता तर मला चालवावा लागला नसता.

१९ नोव्हेंबर, बुधवार

सकाळपासून मालूबाईंकडे बसले होते. डॉक्टरांना सांगून ठेवलं, रिक्षा दारात उभी. सून म्हणाली, आत्याबाई आज तर उठून बसल्यात, तुम्ही कशाला घाबरवता. नऊ वाजता त्यांनी देव्हाऱ्याकडे सरकून जास्वंदीचं फूल उचललं. मी हात पुढे केला होता. हात लागलाही.

डाव्या कुशीवर पडल्या.

मी परत आले आणि रागाने एक ओळ लिहिली. तारीख पुढची असेल तर फॉल्स. उद्याचं, परवाचं काही चालणार नाही. झालेल्याचीच नोंद होईल. कुणाचा जीव कधी जाणार हे आधी लिहून ठेवायचा हक्क तुला कोणी दिला? नाही देत मी.

२० नोव्हेंबर, गुरुवार

गिरधर. वय एकसष्ट. नोंदवहीत चार प्रयत्न.

तारीख २३ नोव्हेंबर. अडवला.
२२ नोव्हेंबर. अडवला.
२१ नोव्हेंबर. अडवला.
२० नोव्हेंबर. गेला.

बारा चाळीसला नोंद झाली. एकला त्यांच्या बायकोचा फोन आला.

त्यांचा मुलगा सुरतेहून परवा यायचा होता, २२ला. त्यांना तीन दिवस होते. मुलगा भेटला असता. बाप-लेक एका ताटात जेवले असते. ते तीन दिवस मी काढून घेतले. मी. एका ओळीने.

प्रतिभाला सगळं सांगितलं. ती हसली नाही. माझा हात धरून बसली.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

ती ओळ पुसली. आणि मग विचार केला, अर्ध्यावर का थांबायचं?

‘प्रकरण बंद’ दाबलं तर फॉल्स. काहीही लिही. कारण, तारीख, नाव, काहीही. फॉल्स. दार कायमचं बंद.

सर म्हणाले, अहवालात निकाली शून्य दिसतील. दिसू देत.

तीन वाजता पहिला प्रयत्न. गोदाबाई, इच्छापूर, वय अठ्ठ्याहत्तर. तारीख २२. अडवला. पुन्हा. अडवला. पुन्हा. माझ्या डोळ्यांदेखत सतरा वेळा. मी खुर्चीत बसून हसत होते. वंदनाताई घाबरून खाली निघून गेल्या.

ठोक दार. ठोकत बस.

२४ नोव्हेंबर, सोमवार

शनिवारी कुणी गेलं नाही. रविवारीही नाही. देवळात पेढे वाटावे म्हणून मी बाजारापर्यंत गेले होते.

आज सकाळी गोदाबाईंच्या मुलाचा फोन. चुडामण, केळीचा बागायतदार, फोनवर कधी चार शब्दांपुढे न जाणारा माणूस. म्हणाला, “ताई, माय थंडी पडली. हातपाय बरफ. पण बोलू राहिली. तुम्ही या.”

प्रतिभाच्या स्कूटीवर मागे बसून गेले. दुपारचं ऊन, दोन्ही बाजूंना केळी. गोदाबाई ओसरीवर खाटेवर होत्या. प्रतिभाने दंडाला पट्टा बांधला, फुगवला, सोडला. पुन्हा फुगवला. स्टेथोस्कोप छातीवर ठेवला. बराच वेळ ठेवला. मग माझ्याकडे बघून मान हलवली. काही नाही. छातीत काहीच नाही.

डोळे उघडे होते. त्यांच्यावर माशी बसली तरी पापणी लवत नव्हती. पण ओठ हलत होते.

“दार कोणी लावलं व बाई? मी कवाची उभी हाय.”

चुडामण म्हणाला, शनिवारपासून हेच बोलते. पाणी घशाखाली उतरत नाही, ओठांतून परत येतं. पाठीला वास सुटलाय. तो तिथेच मातीत बसला आणि म्हणाला, काय औषध दिलं तुम्ही लोकांनी माझ्या मायला?

मला त्याला सांगता आलं नाही.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

एक अट लिहिली. फाइल गोदाबाईंची असेल तर ट्रू. बाकी सगळ्यांना फॉल्स.

नऊ चाळीसला फॉर्म गेला. नऊ बावन्नला चुडामणचा फोन. “ताई, सुटली माय.” आणि तो मोठ्याने रडला. आभार मानले त्याने माझे!

नोंद उघडून बघितली. कर्मचाऱ्याच्या रकान्यात रेघ नाही आता.

रंजिता.

मी टाइप केलेलं नाही. मी तिथे काहीही टाइप केलेलं नाही.

शनिवारपासून आणखी दोघं अडकलेत. त्यांच्या घरी फोन करून विचारलं, हात गार लागतात का. दोन्ही घरी हो म्हणाले. एकीने विचारलं, तुम्हाला कसं कळलं. दोघांची नावं अटीत घातली. दोन वेळा ट्रू. दोन्हीकडे माझं नाव.

कोण आहेस तू? मला कामाला लावतोस? मी तुला अडवायला आले होते. तुझी कारकुनी करायला नाही.

सगळा फॉर्मच पुसून टाकते म्हटलं. पुसला. पान रिकामं. नोंदवही चालूच — प्रयत्न, प्रयत्न, प्रयत्न — आणि प्रत्येकापुढे फॉल्स. फंक्शन माझं आहे. मी शेवटचं जे म्हटलं तेच चालू राहतं.

फॉर्म परत चढवला. निदान दिसतं तरी.

२६ नोव्हेंबर, बुधवार

अकरा वाजता नवीन फॉर्म आला. रुग्णांच्या यादीत हे नाव नाही. फाइलच नव्हती. त्याने आधी फाइल बनवली. सगळे सक्तीचे रकाने, माझ्या नियमाप्रमाणे, एकही चूक नाही. वय सत्तावीस. रक्तगट बी पॉझिटिव्ह. आईचं नाव. व्यवसाय: नर्स. मग तिसरं बटण.

प्रतिभा. तारीख २७. कारण: “इच्छापूर रस्ता, ट्रकच्या मागच्या चाकाखाली.”

फॉल्स.

तिला जिन्यातच गाठलं. उद्या स्कूटी नाही. शपथ घे. ती हसली, मग माझा चेहरा बघितला आणि शपथ घेतली. बसने जाईन म्हणाली. मी तिच्या आईलाही फोन केला. आई म्हणाल्या, तू कोण गं एवढी काळजी करणारी.

अटीत तिचं नाव नाही. घालणार नाही. मेले तरी घालणार नाही.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

साडेआठ — प्रतिभाचा फोन लागत नाही.

नऊ — आशाबाई वर आल्या. इच्छापूर रस्त्यावर केळीचा ट्रक नि स्कूटी. मुलगी होती म्हणतात. बस आलीच नाही आज, लोक तासभर उभे होते —

नोंदवही. प्रतिभा. फॉल्स. फॉल्स. दर मिनिटाला.

सव्वादहा, ऑफिस. जिन्यावर पावलं. प्रतिभा आली.

चालत आली. हसत. स्कूटीचा चुराडा झाला म्हणे, पण मला खरचटलंसुद्धा नाही ताई, देवीची कृपा. गळ्याभोवती ओढणी घट्ट गुंडाळलीय. ओढणी ओली आहे. मान एका बाजूला — ती सरळ करत नाही. तिला ठाऊक नाही.

वंदनाताईंनी पाणी दिलं. तिने प्यायलं. पाणी हनुवटीवरून खाली —

वंदनाताई पळत गेल्या.

ती समोर बसलीय. बोलतेय. पंखा बंद करा ताई, गार वाजतंय. पंखा बंदच आहे. तिने स्वतःच्या बोटाला चिमटी लावून ऑक्सिजन बघितला, आकडा उमटला नाही. मशीन टेबलावर आपटलं. सेल गेला वाटतं, म्हणते.

दोन दिवसांनी वास येईल. तिलाही येईल. गोदाबाई तीन दिवस —

नाही. सत्तावीस वर्षांची आहे ती. मी नाही लिहिणार. तुझं काम तू कर, माझ्या हातून — माझं नाव —

तिच्या आईचा फोन वाजतोय. ती उचलत नाही. बोटं वळत नाहीत म्हणते.

एकच शब्द बदलायचा आहे. फॉल्सचा ट्रू. हात की-बोर्डवर आहे, हलत नाही. दुसऱ्या हाताने हे लिहितेय —

ती उठली. माझ्या मागे येऊन उभी राहिली. स्क्रीन वाचतेय. मोठ्याने वाचतेय, एकेक अक्षर, लहान मुलीसारखं —

विचारते, “ताई, माझ्या नावापुढे हे काय लिहिलंय?”

मी म्हटलं, प्रतिभा, ऐक. मी म्हटलं —